शमुएल, तोलेदोचा आणि मांडवीचा

स्पेनच्या टूरवर सगळ्यात घाईचा दिवस तोलेदोचा. माद्रिदहून निघायचं, बस पायथ्याशी लावायची, सरकत्या जिन्यांनी वर चढायचं, मग कॅथेड्रल, जुनी ज्यू वस्ती आणि पोलादावर सोन्याच्या तारेची नक्षी ठोकणारा कारखाना. तिथली खरेदी उरकली की परत. ब्रोशरमध्ये तोलेदोला ‘तीन संस्कृतींचं शहर’ म्हणतात. टूर मॅनेजर म्हणून मी ते वाक्य माइकवर बोलते, पण मला ते पटत नाही. ख्रिश्चन, मुसलमान आणि ज्यू इथे शेजारी राहिले, हे खरंच. पण १३९१ साली याच गल्ल्यांत ज्यूंची कत्तल झाली, आणि १४९२ साली उरलेल्यांना बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा, असा हुकूम निघाला. ब्रोशरमध्ये तेवढी जागा नसते.

त्या ग्रुपमध्ये ठाण्याचे एक काका-काकू होते. आडनावाच्या शेवटी ‘कर’, बोलणं अस्सल रायगडी वळणाचं, जेवणाच्या यादीत दोघांच्या नावापुढे ‘शाकाहारी’. दुकानादुकानात डुकराच्या तंगड्या टांगलेल्या देशात ते सोयीचंच. दोघं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू आहेत, हे मला पासपोर्टवरच्या पहिल्या नावांवरून कळलं होतं. बाकीचे त्यांना ‘आज गुरुवार का?’ एवढंच विचारत.

आधी सांता मारिया ला ब्लांका बघितलं. पांढरेशुभ्र अष्टकोनी खांब, नालेच्या आकाराच्या कमानी. दिसतं मशिदीसारखं, बांधलेलं सिनेगॉग म्हणून, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, नाव चर्चचं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ते ज्यूंकडून काढून घेतलं गेलं. मग फरशीत बसवलेल्या मेनोराच्या, म्हणजे ज्यूंच्या सात फांद्यांच्या दिव्याच्या, छोट्या टाइल्स शोधत आम्ही एल ट्रान्सितो या दुसऱ्या जुन्या सिनेगॉगला पोचलो.

बाहेरून ही इमारत साधी विटांची. आत एकच उंच दालन, वर नक्षीचं लाकडी छत आणि त्याच्या खाली भिंतीभर गिलाव्यात कोरलेली हिब्रू अक्षरं. मधूनच अरबीही. आणि त्यातच तेव्हाच्या इथल्या कास्तिल राज्याच्या राजाची ढाल, किल्ला नि सिंह असलेली. लोकल गाइड इंग्रजीतून सांगत होती, मी हेडसेटवर मराठीत सांगत होते. काकांनी कानातला हेडसेट काढला. खिशातून टोपी काढून घातली, मान वर केली आणि पुटपुटायला लागले. हळूहळू त्यांचा वेग वाढला.

“अगं, हे तर तेहिलीम, आमची स्तोत्रं. मला पाठ आहे हे.”

गाइडला हिब्रू येत नव्हतं. तिनं त्यांना हात धरून पूर्वेच्या भिंतीपाशी नेलं. तिथला मजकूर काकांना नीट लागेना. “अक्षरं लागतात, अर्थ सगळा नाही लागत,” म्हणाले. तरी बोटानं हवेत गिरवत तीन नावं काढली: शमुएल, लेवी, पेद्रो.

नावं बरोबर होती. शमुएल हा-लेवी हा राजा पेद्रोचा खजिनदार. १३५७च्या सुमारास त्यानं हे सिनेगॉग उभं केलं आणि भिंतीवर स्वतःबरोबर राजाचीही स्तुती कोरून घेतली. तीन-चार वर्षांतच त्याच राजानं त्याला पकडलं, मालमत्ता जप्त केली, आणि सेव्हियात छळ सोसत तो मेला.

“आणि ही स्तुती तशीच?” काकांनी विचारलं. तशीच. १४९२नंतर जागा कालात्रावा या ख्रिश्चन लढवय्या पंथाच्या सरदारांकडे गेली, खाली चर्च थाटलं गेलं, वरची अक्षरं राहिली. आता इथे सेफार्दी, म्हणजे स्पेनच्या ज्यूंचं, संग्रहालय आहे.

“आमचाही एक शमुएल आहे,” काका म्हणाले, आणि आता मी उलटं, मराठीचं इंग्रजी करायला लागले. शमुएल दिवेकर, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अंमलदार. टिपूच्या कैदेत पडला, सुटून आला आणि १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. मांडवीतल्या सॅम्युएल स्ट्रीटला त्याचंच नाव. “त्याला शत्रूनं सोडला, याला धन्यानं मारला.” गाइडनं दाराबाहेर बोट केलं. बाहेरच्या गल्लीचं नावही सामुएल लेवी.

एव्हाना सगळा ग्रुप भोवती जमला होता. एका ताईंनी विचारलं, “म्हणजे तुम्ही मूळचे इथले?”

“छे हो! आम्ही नवगावचे. आमचं जहाज अलिबागजवळ फुटलं, तेल गाळून पोट भरलं, शनवारी मात्र घाणा बंद, म्हणून शनवार तेली. प्रार्थनेची पद्धत तेवढी यांची, सेफार्दी.”

काकू तोवर वर बायकांच्या सज्जात जाऊन आल्या होत्या. “आमच्या ठाण्यालाही आम्ही वरच,” म्हणाल्या, “पण तिथून खालचं नीट दिसतं तरी.”

कारखान्याला द्यायचा वेळ इथेच संपला. तिथल्या माणसाचे फोन येत राहिले, कारण आमच्या खरेदीवर त्याचं गणित आणि त्याच्या कमिशनवर आमच्या ऑफिसचं. ग्रुपनं थेट मार्झिपानच्या दुकानावर धाड घातली. काकूंनी त्यात चरबी नाही ना, हे दोनदा विचारून घेतलं. नसते, बदाम आणि साखर.

हल्ली तोलेदोचा दिवस लावताना मी आधी सोमवार नाही ना ते बघते, कारण त्या दिवशी संग्रहालय बंद असतं, आणि ट्रान्सितोला अर्धा तास जास्त ठेवते. कारखान्यातली खरेदी का घटली, असं ऑफिसनं विचारलं. मी कळवलं, रस्ता चढाचा आहे, ग्रुप ज्येष्ठ होता.