माजघरातला कवडसा

शाकारणीला येणारे काका परवा छपरावरून ओरडले, "माजघरावरचां कौल बदलूक व्हयां." म्हटलं, आठवडाभर राहू द्या.

खाली सारवलेल्या जमिनीवर बंद्या रुपयाएवढा कवडसा पडला होता. फट वेडीवाकडी, कवडसा मात्र गोल, कारण तो सूर्याचंच बिंब असतो. तो उंबऱ्याशी आला की आजी भाताचं आधण ठेवायची.

देवगडच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवला. १६३३ सालचा गॅलिलिओचा खटला सांगताना फळ्यावर मधोमध रेघ मारायची, एकीकडे धर्म, दुसरीकडे विज्ञान. ती रेघ चुकीची होती, असं आता ठामपणे वाटतं.

त्या खटल्यानंतर बावीसच वर्षांनी, १६५५ मध्ये, पोपच्याच राज्यातल्या बोलोन्यात, सान पेत्रोनिओ चर्चमध्ये कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाने असाच कवडसा पाडला. सुमारे २७ मीटर उंचीवर छपराला भोक, खाली फरशीत जवळजवळ ६७ मीटर लांबीची दक्षिणोत्तर रेषा. रोज मध्यान्हीला बिंब या रेषेवर येतं; कुठे येतं त्यावरून दिवस-रात्र समान होण्याचा दिवस कळतो. हे सगळं ईस्टरसाठी! ईस्टर म्हणजे त्या दिवसापासूनच्या, म्हणजे २१ मार्चपासूनच्या, पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. आपली संकष्टी जशी चंद्राकडे बघते, तसाच हा सण चंद्र-सूर्य दोघांकडे बघतो. जुन्या पंचांगात सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवसांची चूक साचलेली होती, म्हणून पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. पोपचं पंचांग नको म्हणून प्रॉटेस्टंट इंग्लंड १७५२ पर्यंत अडून बसलं. म्हणजे तिथे नव्या गणिताला विरोध झाला तोही धर्मापोटीच.

पण मला सर्वांत भिडलं ते पुढचं. कॅसिनीने बिंबाचा व्यास वर्षभर मोजला आणि सूर्याची गती वर्षभरात खरोखरच कमी-जास्त होते, हे केप्लर या खगोलशास्त्रज्ञाचं म्हणणं खरं ठरलं. केप्लर प्रॉटेस्टंट, त्याचा ग्रंथ रोमच्या बंदी-यादीत, आणि त्याला पुरावा मिळाला तो चर्चच्या फरशीवर. गॅलिलिओवरचा अन्याय याने तसूभरही कमी होत नाही. तो १६४२ मध्ये मरेपर्यंत नजरकैदेतच होता. पण त्याला कोंडणारी आणि सूर्य मोजायला छपराला भोक पाडू देणारी संस्था एकच होती, हे मी मुलांना कधी सांगितलं नाही.

आमच्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो. काल साडेबाराच्या सुमारास कवडशाच्या मधोमध खडूने खूण केली. आज बिंब बोटभर दक्षिणेला सरकलं होतं. शेजारची दोन मुलं उद्या वही घेऊन येणार आहेत. कौल त्यानंतर बदलू.