विंडोज ११ वर जायचं का? आधी मशीनला काय काय लावलंय ते बघा

नागपुरात बर्डीवर कुठल्याही दुकानात विचारा, उत्तर ठरलेलं असतं: 'भाऊ, विंडोज १० आता बंद झालं, नवीन मशीनच घेऊन टाका.' यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे आणि दुसरं बऱ्याचदा दुकानदाराच्या सोयीचं. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन त्यानंतरही सुरू होतं, टॅली उघडतं, प्रिंट देतं. बंद झाल्या त्या दर महिन्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. ज्या मशीनवरून बँक, जीएसटी आणि ईमेल चालतं, तिथे हे अंगावर काढण्यासारखं दुखणं नाही. पण घाई करून शनिवारी रात्री अपग्रेड मारलं आणि सोमवारी डोंगल (सॉफ्टवेअरचं लायसन्स असलेली, मशीनला लावायची छोटी किल्ली) ओळखेना, तर धंदा तिथेच थांबतो.

थोडा वेळ हवा असेल तर मायक्रोसॉफ्टने तो दिलेला आहे. एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स या योजनेत नाव नोंदवलं की घरगुती विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या मिळतात. आवृत्ती २२एच२ असावी लागते आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. सेटिंग्ज बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. एका अकाउंटवर १० मशीन चालतात. ऑफिसच्या डोमेनला जोडलेल्या मशीनना ही घरगुती योजना लागू नाही. नोंदणीचा पर्याय सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरच दिसतो. दिसत नसेल तर आधी राहिलेले सगळे अपडेट लावून मशीन रीस्टार्ट करा.

आता मशीन पात्र आहे का ते. पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचं छोटं ॲप सरळ हो किंवा नाही सांगतं. ढोबळ हिशेब असा: इंटेलची आठवी पिढी आणि पुढे, एएमडीत साधारण रायझन २००० पासून पुढे. म्हणजे आय५-७२००यू बाहेर, आय५-८२५०यू आत. शिवाय टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. कागदावर ४ जीबी रॅम पुरते, प्रत्यक्षात ८ च्या खाली जाऊ नका. आणि विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल तर अपग्रेडचा विषयच आज काढू नका, आधी एसएसडी टाका. हार्ड डिस्कवर विंडोज ११ म्हणजे डिस्क कायम शंभर टक्क्यांवर.

असेंबल्ड मशीनवर 'टीपीएम सापडलं नाही' असं आलं म्हणून ते भंगारात काढू नका. एच३१० सारख्या बोर्डवर आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर असतो, पण बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या सेटिंगमध्ये, टीपीएम बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. ते चालू करा. त्याआधी डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोसमध्ये हात घातला की पुढच्या बूटला तीच मागितली जाऊ शकते. मशीन लेगसी, म्हणजे जुन्या बूट मोडमध्ये असेल तर डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीवरून नव्या जीपीटीवर न्यावी लागते. विंडोजमध्येच त्याची कमांड आहे, डेटा जात नाही, पण डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असली तर ती नकार देते. आधी डिस्क जीपीटीवर न्या, मग बायोस यूईएफआय या नव्या मोडवर टाका. उलट केलं तर मशीन बूट होणार नाही, बायोस परत लेगसीवर आणावा लागेल. जीटी २१० सारखं जुनं ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल तर सीएसएम, म्हणजे बायोसमधली लेगसीची सोय, बंद करताच स्क्रीन काळी पडू शकते. कार्ड काढा आणि केबल बोर्डवरच्या पोर्टला लावा.

इथपर्यंतचं कुणीही करतं. निर्णय खरा अडतो तो वेगळ्याच ठिकाणी. प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे यापेक्षा मशीनला लावलेली सगळ्यात जुनी वस्तू कोणती, हा प्रश्न आधी विचारा.

महालात, इतवारीत लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापणाऱ्यांकडे अजून पानं जुळवायचं पेजमेकर ७ आणि मराठी फॉन्टची जुनी श्रीलिपी जोडीनं चालते. पेजमेकर ३२ बिटचं आहे, ते विंडोज ११ वर कुरकुरत का होईना उघडतं. अडतो तो डोंगल. विंडोज ११ नव्याने टाकलं की कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी बहुतेक वेळा आपोआप चालू असते, आणि ती जुने ड्रायव्हर (जोडलेली वस्तू विंडोजला ओळखून देणारे छोटे प्रोग्राम) लोडच होऊ देत नाही. डोंगलचा दिवा लागत नाही, सॉफ्टवेअर डेमो मोडमध्ये जातं आणि दोष विंडोजला मिळतो. याची चाचणी विंडोज १० वरच करता येते. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन डिटेल्स या वाटेनं जा आणि मेमरी इंटिग्रिटी चालू करायचा प्रयत्न करा. अडचणीचे ड्रायव्हर असतील तर यादी समोर येते. यादीत डोंगलच्या ड्रायव्हरची फाइल दिसली तर सॉफ्टवेअरवाल्याकडून नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत अपग्रेड थांबवा. ती सोय बंद ठेवूनही काम चालतं, पण मग त्या मशीनवर नेट बँकिंग नको.

डोंगल पॅरलल पोर्टचा, म्हणजे पंचवीस पिनांचा असेल तर नवीन मशीनला ते पोर्टच नसतं. बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल केबल फक्त प्रिंटर ओळखते, डोंगलला तिचा उपयोग होत नाही. यूएसबी डोंगल बदलून मिळतो का ते कंपनीला विचारा. मिळत नसेल तर ते मशीन आहे तिथेच, नेटची वायर काढून, फक्त छपाईसाठी ठेवणं शहाणपणाचं.

फॉन्टची गोष्ट वेगळी आणि जास्त चिडवणारी. जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखाच दिसणारा, नसतो. फॉन्ट गेला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. नवीन विंडोज टाकताना लोक सी ड्राइव्हमधला विंडोजचा फॉन्ट्स फोल्डर कॉपी करतात आणि तरी निम्मे फॉन्ट गायब असतात. कारण विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत फॉन्टवर डबल क्लिक करून इन्स्टॉल केलं की तो फक्त त्या युजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये बसतो. तोही फोल्डर उचला. परत टाकताना राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा, नाहीतर पेजमेकरसारख्या जुन्या प्रोग्रामला तो दिसत नाही.

धान्य-किराण्याच्या जुन्या पेढ्यांवर जुन्या डॉस सिस्टीमवरचं फॉक्सप्रो, म्हणजे हिशेबाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर, अजून बिलं काढतं. असं मशीन बहुतेक ३२ बिट विंडोजवर असतं, कारण १६ बिटचे प्रोग्राम ६४ बिटवर चालतच नाहीत. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही. म्हणजे इथे अपग्रेड असा काही प्रकार नाही, नव्याने टाकावं लागेल आणि प्रोग्राम डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवावा लागेल. अबाउटच्या पानावर सिस्टीम टाइप बघितला की दोन सेकंदांत कळतं. छपाई डॉट मॅट्रिक्सवर असेल आणि ती यूएसबीने जोडली तर प्रोग्राम एलपीटी१, म्हणजे जुनं पॅरलल पोर्ट, शोधत बसतो. एम्युलेटर नसलेल्या जुन्या ३२ बिट प्रोग्रामसाठी प्रिंटर शेअर करून 'नेट यूज' कमांडने एलपीटी१ त्याला जोडता येतो.

डिजिटल सही वापरणारे, म्हणजे धंतोलीतली सीए मंडळी आणि टेंडर भरणारे ठेकेदार, त्या मानाने सुखात आहेत. ईपास२००३, प्रॉक्सकी या सहीच्या यूएसबी टोकनचे ड्रायव्हर विंडोज ११ वर बसतात, आणि सही टोकनमध्ये असते, मशीनमध्ये नसते. फक्त नवीन मशीनवर टोकन ओळखलं जात नाही म्हणून टोकन मॅनेजरमधलं 'इनिशियलाइझ' दाबू नका. सर्टिफिकेट पुसलं जातं आणि सही नव्याने काढावी लागते.

टॅलीवाल्यांनी विंडोज नव्याने टाकायच्या आधी लायसन्स सरेंडर करावं, नंतर नव्या जागी परत सुरू करावं. आणि बॅकअप म्हणून नुसता डेस्कटॉप कॉपी करू नये. कंपनीचा डेटा १०००० सारख्या आकडी नावाच्या फोल्डरमध्ये असतो, त्याची जागा टॅलीतच डेटा पाथमध्ये दिसते.

हे सगळं पार पडलं की अपग्रेड म्हणजे किरकोळ काम. दिवस मात्र निवडून घ्या. जीएसटीच्या रिटर्नपैकी ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, त्यांच्या अलीकडचे चार दिवस नकोत. मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या दुसऱ्या मंगळवारी येतात, त्यातले घोळ आठवड्याभरात बाहेर पडतात, म्हणून २० नंतरचा शनिवार बरा. विंडोज ११ ची आयएसओ फाइल (इन्स्टॉलची पूर्ण प्रत) उतरवून त्यातलं सेटअप विंडोजच्या आतूनच चालवा, साधारण ३० जीबी जागा मोकळी ठेवा. 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' हा पर्याय फिका दिसला तर बहुतेक वेळा भाषा जुळत नाहीये. इंग्लिश आणि इंग्लिश इंटरनॅशनल असे दोन आयएसओ आहेत, मशीनवर मुळात जी भाषा बसलेली आहे तीच हवी. 'सिस्टीम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही' असं आलं तर बूटच्या फाइलींचं १०० एमबीचं छोटं ईएफआय पार्टिशन भरलेलं असतं. त्यातले बूटचे फॉन्ट काढले की जागा होते.

एसएसडीवर तासाभरात आटोपतं. तेवढ्यात वीज जायला नको, आणि अवकाळी वाऱ्यावावधानाच्या दिवसांत आपल्याकडे ती जातेच. छोटा ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटांपलीकडे खेचत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर डेस्कटॉप चालवणार असाल तर मागचं बटण इकोवरून यूपीएस मोडवर टाका. इकोमध्ये लाइन बदलायला लागणाऱ्या क्षणात मशीन रीस्टार्ट होतं. अपग्रेड मध्येच तुटलं तर विंडोज बहुतेक वेळा परत १० वर येतं. बायोस अपडेट मध्येच तुटला तर बोर्ड जातो, म्हणून तो आभाळ भरून आलेलं असताना करूच नये.

अपात्र मशीनवर रूफस नावाचं साधन वापरून विंडोज ११ बसवून देणारे बरेच आहेत. बसतं. पण दरवर्षीची नवी आवृत्ती त्याला आपोआप येत नाही, दर वेळी तीच कसरत करायची. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर खूपच जुने प्रोसेसर, म्हणजे कोअर २ ड्युओच्या काळातले, बूटच होत नाहीत. पोराच्या अभ्यासाच्या मशीनला चालेल, दुकानाच्या हिशेबाच्या मशीनला नाही.

अपग्रेड झाल्यावर पहिल्याच दिवशी डोंगल, टोकन, प्रिंटर, स्कॅनर एकेक लावून बघा. परत जायची सोय १० दिवसच असते, नंतर जुनं विंडोज ठेवलेला विंडोज डॉट ओल्ड फोल्डर आपोआप पुसला जातो. विंडोजमधल्याच डिझम कमांडने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती पहिल्या १० दिवसांतच वाढवावी लागते. आणि 'सी ड्राइव्ह भरला' म्हणून कुणी मधेच डिस्क क्लीनअप चालवलं, तर तीही सोय गेली.