अनंत चतुर्दशी ते दसरा: पुणे, कास, जोग, म्हैसूर, कोल्हापूर

गणपती गेले की घटस्थापनेपर्यंत आपल्याकडे कुणी शुभकार्य काढत नाही. लग्न नाही, वास्तुशांत नाही, पुष्कळ घरांत नवी खरेदीही नाही. आणि नेमका याच पंधरवड्यात सह्याद्री वर्षभरातला सर्वांत देखणा असतो. पाऊस ओसरू लागलेला, पठारांवर फुले, धबधब्यांना अजून भरपूर पाणी, हॉटेलांत खोल्या रिकाम्या. २०२५ साली पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीपासून कोल्हापूरच्या दसऱ्यापर्यंतची लांब सुट्टी आम्ही याच हिशेबाने आखली. आम्ही दोघे आणि सासूबाई, नागपूरहून. स्वतःची गाडी न घेता रेल्वे, एसटी आणि जिथे इलाज नाही तिथे टॅक्सी.

आखणी करताना एक गोष्ट आधी पक्की केली. सण तिथीला बांधलेले असतात आणि निसर्ग पावसाला. म्हणून सणाच्या गावांतल्या खोल्या आणि तिथे पोहोचवणाऱ्या गाड्या दोन महिने आधी घ्यायच्या आणि मधला सगळा भाग सैल ठेवायचा. रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता साठच दिवस आधी उघडते, पूर्वीसारखे एकशे वीस नाही. तेव्हा ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मधल्या दिवसांच्या खोल्या दोन-तीन दिवस आधी फोन करून सहज मिळाल्या. पितृपक्षाचा हा फायदा मोठा आहे.

पुण्यात विसर्जनाच्या दोन-तीन दिवस आधी पोहोचावे. देखावे पाहायला सगळे शहर रात्री बाहेर पडते, पण मानाचे पाचही गणपती, म्हणजे कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा, सकाळी लवकर चालत निघालात तर निवांत होतात. सगळे एकमेकांच्या जवळ आहेत. २०२४ च्या सप्टेंबरअखेर भुयारी मेट्रोची कसबा पेठ आणि मंडई ही स्थानके सुरू झाली, त्यामुळे पेठांत पोहोचणे फारच सोपे झाले आहे. उत्सवात मेट्रो रात्री उशिरापर्यंत चालते. मुक्काम मात्र पेठांत नको. नदीपलीकडे डेक्कन किंवा शिवाजीनगरला राहा, म्हणजे रात्री झोप लागेल आणि विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असले तरी पूल ओलांडून पायी जाता येईल.

मिरवणूक मंडईजवळच्या टिळक पुतळ्यापासून सकाळी निघते. कसबा गणपती सर्वांत पुढे. ढोल-ताशाची पथके पाहायची असतील तर ही सकाळच पकडा. लक्ष्मी रस्त्यावर रांगोळ्यांच्या पायघड्या, पालखीत कसब्याचा गणपती, आणि शेकडो ढोल एका ठोक्यावर थांबतात तेव्हा अंगावर काटा येतो. हे शब्दशः खरे आहे. ते थांबणे मला वाजण्याहून जास्त आवडले. ज्येष्ठ माणसे बरोबर असतील तर बेलबाग चौक ते कुंटे चौक या पट्ट्यात एखाद्या दुकानाची पायरी सकाळीच धरावी आणि दुपारी जेवायला परत फिरावे. संध्याकाळनंतर टिळक रस्त्यावर ध्वनिवर्धकांच्या भिंती असतात. तिथे वृद्धांना आणि लहान मुलांना नेऊ नका, स्वतः गेलात तरी कानात बोळे घाला. लक्ष्मी, टिळक, कुमठेकर आणि केळकर हे चारही रस्ते अलका टॉकीजच्या चौकात येऊन मिळतात, त्यामुळे गर्दीचा खरा दाब तिथे असतो. मोबाइल चालेलच याचा भरवसा नाही. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ते निघतानाच ठरवा. पाणी बरोबर ठेवा आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते आदल्या दिवशी पाहून ठेवा. बायकांसाठी ही सूचना सर्वांत महत्त्वाची.

मिरवणूक दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालली. त्या रात्री, ७ सप्टेंबरला, खग्रास चंद्रग्रहण होते. अकरा ते सव्वाबाराच्या सुमाराला ढग जरा विरळ झाले आणि गच्चीवरून तांबूस चंद्र दिसला. खालच्या रस्त्यावर अजून गुलाल होता.

पुढे सातारा. कास पठार शहरापासून पंचवीस किलोमीटर. ओळख जांभ्याची आणि फुलांची, आणि फुले आहेत ती या जांभ्यामुळेच. बेसाल्टवर जांभ्याचे कठीण कवच, त्यावर जेमतेम बोटभर माती. मोठे झाड रुजत नाही, आणि म्हणूनच इवल्या फुलझाडांना सगळे आकाश मोकळे मिळते. साडेआठशेहून जास्त सपुष्प वनस्पतींची इथे नोंद आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशात आले. आम्ही गेलो तेव्हा पांढरे गेंद आणि पिवळी सोनकी, कवला भरात होते, तेरड्याचा गुलाबी गालिचा नुकता चढू लागला होता. सीतेची आसवे बघायला मात्र गुडघ्यावर बसावे लागते. जांभळट, नखाएवढे फूल, आणि हे झाड मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांत किडे पकडून जगते! दवबिंदूही कीटकभक्षी. त्याच्या पानांवरचे चिकट थेंब सकाळच्या तिरप्या उन्हात चमकतात.

तिथे गावकऱ्यांची समिती व्यवस्था पाहते. प्रवेश ऑनलाइन नोंदवावा लागतो, वेळेचे टप्पे असतात आणि दिवसाची मर्यादा ठरलेली असते. शनिवार-रविवार टाळा, अगदी निक्षून सांगते. मंगळवार-बुधवारी सकाळचा पहिला टप्पा घेतलात तर पठार तुमचेच असते. वाऱ्यामुळे छत्री निरुपयोगी, रेनकोट हवा. पाय सरकू नये असे बूट हवेत. आखलेल्या वाटेबाहेर एक पाऊलही टाकू नका. फोटोसाठी फुलांत बसणारी माणसे पाहून फार वाईट वाटते, कारण ती बोटभर माती तयार व्हायला किती काळ गेला असेल! पुढे कुमुदिनी तळ्यापर्यंत राजमार्ग नावाच्या वाटेने चालत जाता येते. पाण्यावर पांढऱ्या, झालरीच्या कडांची फुले. चालवत असेल तर हे सोडू नका. सासूबाई तिथवर आल्या नाहीत. त्या कास तलावाकाठी आनंदात बसल्या.

दुसरा दिवस साताऱ्याच्या दुसऱ्या बाजूला द्या: सज्जनगड, ठोसेघरचा धबधबा, चाळकेवाडीचे पवनचक्क्यांचे पठार. कासला परवाना मिळाला नाही तर चाळकेवाडीच्या पठारावरही फुले असतात, आणि माणसे फार कमी. कंदी पेढे घ्याच.

साताऱ्याहून रेल्वेने मिरज, बेळगाव, लोंढा आणि पुढे घाट उतरून मडगाव. इथे वेळापत्रक नीट बघा. लोंढ्याहून गोव्याकडे जाणाऱ्या काही गाड्या हा घाट रात्री उतरतात. एक मुक्काम बेळगावला करावा लागला तरी चालेल, पण दिवसाचीच गाडी घ्या. कॅसलरॉकनंतर बोगद्यांमागून बोगदे येतात आणि मग एकदम दूधसागर, तीनशे मीटरहून उंच, रुळांच्या अगदी शेजारी. तुषार खिडकीतून आत येतात. खाली उतरायचे नाही. रेल्वेची बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

मडगावहून कोकण रेल्वेने गोकर्ण रोड. या थांब्यामागे आमचे घरगुती कारण होते. सासऱ्यांची तिथी पितृपक्षातली अष्टमी. ‘पक्षात कुठे हिंडता?’ असे नातेवाइकांनी विचारले, तेव्हा सासूबाईंनीच सांगितले की श्राद्ध गोकर्णला करू, त्यांनाही आवडले असते. कोटीतीर्थाच्या काठी विधी झाला. गुरुजींना मोडके मराठी येत होते, तेवढे पुरले. ज्यांच्या घरी तिथी असते त्यांनी प्रवास रद्द करायचे कारण नाही. तिथी मार्गात बसवता येते. तिथी, गोत्र आणि तीन पिढ्यांची नावे लिहून न्या आणि आधी फोनवर ठरवा. गोकर्णहून कुमट्यामार्गे याणाचे काळे कातळ एका दिवसात होतात. मोठा कडा सुमारे १२० मीटर उंचीचा, जंगलातून अचानक वर आलेला. जळवा आहेत. मीठ किंवा तंबाखूची पुडी खिशात ठेवा.

जोगला सागरच्या बाजूने बहुतेक लोक जातात. आम्ही होन्नावरहून गेरसोप्पा घाटाने चढलो आणि हा रस्ता मी प्रत्येकाला सुचवीन. होन्नावरच्या पुलावर शरावती समुद्राला मिळताना दिसते, रुंद आणि संथ. मग तिच्याच सोबतीने वर वर जात साठेक किलोमीटरवर ती २५३ मीटर खाली झेपावताना पाहायची. आपल्या आधीच्या पिढीच्या तोंडी गिरसप्पाचा धबधबा असतो तो हाच. राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट या चार धारा.

पाण्याचे गणित समजून घेतल्याशिवाय जोगला जाऊ नका. वरच्या अंगाला १९६४ मध्ये लिंगनमक्की धरण झाले. पाणी आधी विजेला जाते, धबधब्याला उरलेले. धरणाची पूर्ण पातळी १,८१९ फूट. ती गाठत आली आणि दरवाजे उघडले की चारही धारा एक होऊन कोसळतात. पाऊस कमी झालेल्या वर्षी सप्टेंबरातही चार बारीक रेघाच दिसू शकतात. स्थानिक बातम्यांत ही पातळी रोज येते, ती बघून एखाद-दोन दिवस पुढे-मागे करा. मधला भाग सैल ठेवायचा तो यासाठीच. दुसरे म्हणजे धुके. पोहोचलो तेव्हा समोर नुसती पांढरी भिंत आणि आवाज. आलेली दोन-तीन कुटुंबे परत गेली. आम्ही चहा घेत बसून राहिलो आणि तासाभराने पडदा सरकावा तसे सगळे उघडले. ते दहा मिनिटेच टिकले, पण सासूबाईंनी हात जोडले आणि बराच वेळ तसेच ठेवले. जोगला किमान एक रात्र राहा. तासाभराची धावती भेट बहुतेक वेळा धुक्यात जाते. तळापर्यंतच्या पायऱ्या हजारावर आहेत. त्या खुल्या आहेत का ते तिथे विचारा, आणि उतरताना परत चढायचे आहे हे लक्षात ठेवा.

जवळच तालगुप्पा स्थानक आहे आणि तिथून बंगळूरमार्गे रात्रीची गाडी थेट म्हैसूरला नेते. घाटांतल्या वळणांनंतर ही झोप फार बरी वाटली.

म्हैसूरचा दसरा नवरात्राचे सगळे दिवस चालतो. २०२५ मध्ये एक तिथी वाढल्याने तो अकरा दिवसांचा झाला. बहुतेक लोक विजयादशमीच्या जंबू सवारीसाठी, म्हणजे हत्तींच्या मिरवणुकीसाठी, येतात. सोन्याने मढवलेली साडेसातशे किलोची अंबारी, त्यात चामुंडेश्वरी, राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत. ती पाहायची तर तिकिटे निघताच ऑनलाइन घ्यावी लागतात. आम्ही मुद्दाम पहिले दिवस निवडले. राजवाड्याची सुमारे लाखभर दिव्यांची रोषणाई नवरात्रात रोज संध्याकाळी असते आणि समोरच्या अंगणात गाण्या-वाजवण्याचे कार्यक्रम विनामूल्य होतात. शिवाय हत्ती दोन महिने आधीच येऊन राहतात आणि सकाळी बन्नीमंटपापर्यंत सराव करतात. रस्त्याच्या कडेला उभे राहून, तिकीट न काढता, हत्तींची ती संथ रांग अगदी जवळून दिसते. मिरवणुकीच्या गर्दीत हे होणार नाही. घरोघरी मांडलेल्या बाहुल्याही पाहा, आमच्या मुक्कामाच्या मालकीणबाईंनी आपणहून बोलावले.

म्हैसूर आणि कोल्हापूर यांचा दसरा एकाच दिवशी, त्यामुळे निवड करावी लागते. आम्ही आपल्या माणसांत यायचे ठरवले. बंगळूरहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने मिरज, तिथून कोल्हापूर. अंबाबाईची रोजची पूजा वेगळ्या रूपात बांधतात. अष्टमीला रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते. रांग फार मोठी असते, वृद्धांसाठी मुखदर्शनाची रांग बरी. दसऱ्याला दसरा चौकात दुपारी चारलाच जागा धरा. पालख्या येतात, छत्रपती घराण्यातले लोक येतात, सूर्यास्ताला शमीपूजन होते आणि मग सोने लुटायला झुंबड उडते. त्या क्षणी ज्येष्ठांना कडेला उभे करा. तांबडा-पांढरा दुसऱ्या दिवशी.

आता २०२६ चा विचार करणाऱ्यांसाठी. अधिक ज्येष्ठामुळे सगळे सण उशिरा आहेत: गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबर, घटस्थापना ११ ऑक्टोबर, दसरा २० ऑक्टोबर. म्हणजे विसर्जनानंतर कासला गेलात तर बहर उतरणीला लागलेला असेल, आणि ऑक्टोबरात जोगचे पाणीही घटते. म्हणून क्रम बदला. गणपती घरी बसले की आधी सातारा करा, मग पुण्याला मिरवणुकीसाठी या आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लगेच जोगकडे निघा. २०२७ मध्ये चतुर्थी ४ सप्टेंबरला येते, तेव्हा आमचाच क्रम चालेल. विदर्भातल्यांनी परतीसाठी कोल्हापूर–गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस धरावी. ती सातारा, पुणे करत थेट नागपूरला येते, पण दसऱ्यानंतरच्या तिच्या जागा आरक्षण उघडल्या दिवशीच घ्या.