पानिपत कुणाच्या मालकीचं?

एकांकिका, मालिका लिहिणारी मंडळी मी वकील म्हटल्यावर हमखास विचारतात, "या प्रसंगावर आधीच कादंबरी आहे. आम्ही लिहिलं तर कॉपीराइटची नोटीस येईल का?"

प्रसंगावर कॉपीराइट नसतो. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे घडलं ते कुणीही, कितीदाही लिहावं. कल्पना, विषय, कथासूत्र, ऐतिहासिक घटना यांवर कॉपीराइट नाही, तो मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ सालीच सांगून ठेवलंय. पण भाऊसाहेब डेऱ्यात पार्वतीबाईंशी काय बोलले याचं टिपण कुणी घेतलेलं नाही. ते बोलणं कादंबरीकाराने रचलं, म्हणून ते त्याचं; त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांचं.

मग वर्षानुवर्षं कागद चाळून काढलेल्या निष्कर्षाचं काय? हिंडेनबर्ग हे जर्मन हवाई जहाज ६ मे १९३७ ला अमेरिकेत लेकहर्स्टला उतरताना पेटलं, ३६ जण गेले. ए. ए. होलिंग यांनी १९६२ च्या पुस्तकात म्हटलं, हा जहाजावरच्याच एका कर्मचाऱ्याचा घातपात. १९७५ मध्ये युनिव्हर्सलच्या सिनेमातही तसाच घातपात. होलिंग कोर्टात गेले आणि १९८० मध्ये अपिलातही हरले. कोर्ट म्हणालं, तुम्ही हा तर्क इतिहास म्हणून मांडलात, मग तो सगळ्यांना खुला. आणि पुस्तक-सिनेमात सारखे आलेले बिअर हॉल, 'हाइल हिटलर' तर त्या काळावर लिहिणारा कुणीही घालणारच! संशोधकाला हे जाचतं, पण मला निकाल पटतो. नाहीतर पहिल्या संशोधकानंतर इतरांनी लिहायचंच नाही.

आपल्याकडे प्रस्तावनेत 'प्रत्येक प्रसंगाला पुरावा आहे' असं छापायची हौस दांडगी. प्रसंग उचलला गेला की मात्र 'तो माझ्या कल्पनेतला'. दोन्ही डगरींवर हात कसा चालेल?

तेव्हा बखरी, पत्रं स्वतः वाचा आणि काय कुठून घेतलं ते टिपून ठेवा. जुनी बखर सगळ्यांची, तिचं अलीकडचं भाषांतर मात्र भाषांतरकाराचं. जो प्रसंग फक्त कादंबरीतच सापडतो, त्याला परवानगी घ्या.

हयात माणसाची कहाणी असेल तर प्रश्न कॉपीराइटचा नसून खासगीपणाचा आणि अब्रूचा. तुरुंगातल्या ऑटो शंकर या खुन्याचं आत्मचरित्र छापण्याच्या प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सार्वजनिक कागदपत्रांत आहे तेवढं संमतीशिवाय छापता येतं. त्यापलीकडे गेलात तर जोखीम तुमची.