गोरिला मान्सूनच्या कॅसेटी : निम्म्या कामाची नोंद

अमेरिकेतून आलेल्या कॅसेटींची सफाई संपली, 'प्राइम टाइम रेसलिंग' या टीव्ही कार्यक्रमाचे भाग संगणकावर उतरवून झाले, आणि आता रेसलमेनिया व रॉयल रम्बल हे मोठे वार्षिक सामने चालू आहेत. गोरिला मान्सून, म्हणजे रॉबर्ट मरेला (१९३७–१९९९), हा अमेरिकन व्यावसायिक कुस्तीतला मल्ल आणि समालोचक; त्याचं समालोचन मूळ आवाजात एका जागी ठेवायचं आणि मिनिट-सेकंदासकट त्याची सूची करायची, एवढाच उद्योग. चित्र दुय्यम. खालचे बरेचसे निर्णय त्यामुळे कानाच्या बाजूने गेलेले दिसतील.

अधिकृत प्रती असताना हा खटाटोप कशाला? एक तर त्याच आद्याक्षरांच्या वन्यजीव निधीशी झालेल्या खटल्यानंतर, २००२ ते २०१२ या काळात निघालेल्या अनेक प्रतींत 'डब्ल्यूडब्ल्यूएफ' ही कुस्ती कंपनीच्या (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या) जुन्या नावाची अक्षरं आवाजातून छाटली आहेत. दुसरं, मल्लाच्या एंट्रीच्या गाण्याचे हक्क नसले की गाणं बदलतात, आणि त्याच ट्रॅकवर समालोचन मिसळलेलं असेल तर एंट्रीच्या वेळचं बोलणंही दबतं किंवा जातं. मान्सून नेमका तेव्हाच कामाचं बोलायचा.

कारण तो नुसता माइकवाला नव्हता. इथाका कॉलेजचा कुस्तीगीर, १९५९ साली एनसीएएच्या (अमेरिकन महाविद्यालयीन स्पर्धेच्या) हेवीवेट गटात दुसरा. पुढे मंचुरियाचा राक्षस म्हणून तेव्हाचा विजेता ब्रुनो सॅमार्टिनोसमोर उभा राहिला, मग डब्ल्यूडब्ल्यूएफ चालवणाऱ्या कॅपिटल रेसलिंग कंपनीत भागीदार झाला, पोर्तो रिकोच्या वर्ल्ड रेसलिंग कौन्सिलमध्येही त्याचा हिस्सा होता. १९८२ मध्ये कंपनीचे मालक थोरले व्हिन्स मॅकमहॉन यांच्याबरोबर त्यानेही कॅपिटलमधला आपला वाटा त्यांच्या मुलाला, धाकट्या व्हिन्सला विकला. 'लिटरली हँगिंग फ्रॉम द राफ्टर्स' (गर्दी अक्षरशः छताच्या तुळयांना लटकलीय) हे त्याचं पालुपद तिकीट विकलेल्या माणसाचं आहे. सूचीत आम्ही म्हणूनच 'प्रवर्तक' (प्रमोटर) असा वेगळा रकाना ठेवलाय : गर्दी, पुढचं कार्ड म्हणजे लढतींची यादी, पणाला लागलेला विजेतेपदाचा पट्टा यांवरची वाक्यं त्यात जातात.

आता कॅसेटी. मुंबई-कोकणाच्या हवेत पडून राहिलेल्या कॅसेटीला बुरशी धरतेच. खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली, तर ती चांगल्या व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नये. बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर बसते आणि तिथून पुढच्या स्वच्छ कॅसेटीवर जाते. खालचे पाच स्क्रू काढा, दोन्ही भाग घट्ट धरून कॅसेट सुलटी करा, मगच वरचं झाकण उचला; उलटं उघडलं की ब्रेकच्या स्प्रिंगा टेबलाखाली शोधाव्या लागतात. भंगारातला एखादा व्हीसीआर फक्त गुंडाळायला ठेवा. त्यात टेप पुढे जात असताना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेलं, धागे न सुटणारं कापड नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यातलं पाणी थरांत अडकतं. तोंडावर एन-९५ हवाच. नंतर किमान एक दिवस बंद डब्यात सिलिका जेलसोबत.

हेड पुसताना कापसाची काडी वापरू नका, तिचे धागे हेडच्या टोकाला अडकतात. शॅमॉय (मऊ चामड्याची) काडी हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमला स्थिर टेकवून ड्रम हाताने फिरवायचा. काडी वर-खाली घासली की हेड तुटलंच समजा.

आपल्याकडचा साधा पाल व्हीसीआर या कामाला चालत नाही; पाल ही आपली टीव्ही पद्धत, एनटीएससी अमेरिकेची. एनटीएससी टेप एसपी (नेहमीच्या) वेगात सेकंदाला ३३.३५ मिलिमीटर धावते, पालची २३.३९. चित्र तर लोळतंच, शिवाय मान्सूनचा आवाज विहिरीतून आल्यासारखा जड होतो. 'एनटीएससी प्लेबॅक' असलेला व्हीसीआर वेग बरोबर धरतो, पण बाहेर बहुधा पाल-६० (पाल रंगाचा, ६० फील्डचा मिश्र सिग्नल) देतो. सिग्नल संगणकात घेणाऱ्या कॅप्चर कार्डावर तोच पर्याय निवडला नाही तर चित्र कृष्णधवल दिसतं, आणि लोक उगाच केबल बदलत बसतात. जमलं तर अस्सल एनटीएससी व्हीसीआर, एस-व्हिडिओ जोडणी आणि मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे चित्राची डळमळ सावरणारं यंत्र. व्हीसीआर ११० व्होल्टचा असेल तर पुरेशा वॅटचा ट्रान्सफॉर्मर लागेल, तो ध्वनीच्या तारांपासून दूर ठेवा.

सगळ्यात वेळखाऊ भाग ध्वनीचा. घरगुती रेकॉर्डिंगं बहुतेक ईपी (सर्वात संथ) वेगात आहेत : टी-१२० कॅसेट, सहा तास. त्या वेगात कडेच्या लिनिअर ट्रॅकवर चार-पाच किलोहर्ट्झच्या वर फारसं काही उरत नाही. त्यातच रेकॉर्ड करणाऱ्या व्हीसीआरचा ध्वनी हेड किंचित तिरका असेल, तर आपल्या मशीनवर उरलासुरला खणखणीतपणाही जातो. त्यावर उपाय हेडच्या तिरकेपणाचा, म्हणजे अॅझिमथचा. ध्वनी हेडच्या बैठकीवरचा अॅझिमथचा स्क्रू सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून ओळखा, मूळ जागा मार्करने खुणावून ठेवा, आणि टेप चालू असताना एका वेळी आठवा हिस्साच फिरवा. कानात 'स' आणि 'श' उघडतात, स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजातल्या कंपनसंख्या दाखवणाऱ्या आलेखावर) वरची कड उंचावते, तिथे थांबा. शेजारचे उंची आणि कलाचे स्क्रू चुकून फिरले तर ट्रॅकिंग (हेड-टेपचा मेळ) बिघडतं. कॅसेट संपली की खुणेवर परत.

फिरत्या हेडवरून वाचला जाणारा हाय-फाय ट्रॅक असेल तर तो आणि लिनिअर, दोन्ही वेगवेगळे उतरवा. ट्रॅकिंग जरा हललं की हाय-फायमध्ये गुरगुर शिरते, तेवढे तुकडे लिनिअरवरून भरता येतात. ध्वनी ४८ किलोहर्ट्झ, शिखरं उणे ६ डेसिबलच्या खाली. घंटा वाजल्यावरची आरोळी शांत बोलण्यापेक्षा फार वर जाते.

सफाईत हात आवरता घ्यावा. ६०, १२० आणि १८० हर्ट्झवर अरुंद नॉच (तेवढीच कंपनसंख्या कापणारा फिल्टर) पुरे, कारण विजेची गुणगुण तिथेच असते. १२० च्या खालचं सरसकट कापलं तर गुणगुण जाते खरी, पण मान्सूनच्या आवाजातली छातीही जाते. नॉइज रिडक्शनचा नमुना दोन कार्यक्रमांमधल्या रिकाम्या टेपवरून घ्या. प्रेक्षकांच्या गलक्यावरून घेतला तर सॉफ्टवेअर गर्दीलाच खरखर समजतं, आणि खचाखच भरलेलं पॉन्टियाक सिल्व्हरडोम स्टेडियम रिकाम्या गोदामासारखं ऐकू येतं.

व्हिडिओ ७२० बाय ४८०, हफवायूव्ही (दर्जा न घालवणारं कॉम्प्रेशन), तासाला साधारण ३० ते ३५ जीबी. सेकंदाला २९.९७ फ्रेम्सच्या तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये १,०७,८९२ फ्रेम्स हव्यात. कमी भरल्या तर कुठेतरी गळल्या आहेत आणि ओठ-आवाज पुढेमागे होणार. मूळ फाइल इंटरलेस्डच (प्रत्येक फ्रेम दोन फील्डांत विभागलेली) ठेवायची, डीइंटरलेस फक्त बघायच्या प्रतीत.

सूचीचे रकाने : तारीख, ठिकाण, जोडीदार समालोचक, रेफरी, मिनिट-सेकंद, वाक्य. रेफरी उगाच नाही. २९ मार्च १९८७ ला सिल्व्हरडोममध्ये रेसलमेनियाच्या हल्क होगन-आंद्रे द जायंट लढतीचा रेफरी जोई मरेला होता, मान्सूनचा मुलगा. 'एक्स्टर्नल ऑक्सिपिटल प्रोट्यूबरन्स' हा मान्सूनचा आवडता शब्द शोधताना स्वयंचलित लिप्यंतरावर विसंबू नका, ते दर वेळी नवीनच शब्द काढतं. कवटीच्या मागचा उंचवटा तो. डोक्याच्या मागे फटका बसला की ते वाक्य येतंय का बघायचं.

रॉयल रम्बल १९९२ सध्या अर्ध्यावर आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त नोंदी होतायत. ऑल्बनी, एकामागून एक रिंगमध्ये येणारे ३० मल्ल, रिकामा पट्टा पणाला. रिक फ्लेअर तिसऱ्या क्रमांकाला बाहेर येतो, त्याच्या बाजूचा सहसमालोचक बॉबी हीनन कोलमडतो, आणि मान्सून थंडपणे सांगतो की पहिल्या पाच क्रमांकांतला कुणी आजवर शेवटपर्यंत टिकलेला नाही. त्या एका माहितीवर पुढचा तासभर उभा राहतो. हीनन विनवण्या करतो, मान्सून 'विल यू स्टॉप' म्हणून त्याला दटावतो. ही जागा ऐकताना दोघांचे आवाज एकमेकांवर चढतात, तिथे वाक्य तोडून दोन नोंदी कराव्या लागतात.

यानंतर न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनची, सहसमालोचक लॉर्ड आल्फ्रेड हेजसोबतची कार्डं. कुणाकडे त्यांच्या व्हिडिओ लायब्ररीतल्या पाल प्रती असतील तरी चालतील. एनटीएससीच्या सेकंदाला ६० फील्डचं पालचं ५० करताना चित्र अडखळतं, पण कालावधी तोच राहतो, त्यामुळे ध्वनी उचलून एनटीएससी चित्रावर बसवता येतो. पाठवण्याआधी कॅसेट चालवून बघू नका, खिडकीचा फोटो पुरे.