तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रम्प निओकॉन आहेत का?

मी राज्यशास्त्र शिकवते हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही प्रश्न येतात. जून २०२५मध्ये अमेरिकेनं इराणच्या फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, तेव्हापासून हा एक फार येतो: "मॅडम, म्हणजे ट्रम्पही शेवटी निओकॉनच निघाले ना?"

माझं उत्तर "नाही" असं आहे. पण विचारणाऱ्याच्या मनात निओकॉन (निओकॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे नवरूढीवादी) म्हणजे युद्धखोर अमेरिकन एवढंच असतं, म्हणून नुसतं "नाही" पुरत नाही. गोष्ट सुरू होते एका कॉलेजच्या कँटीनमध्ये.

१९३०च्या दशकाची अखेर. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजला फी नव्हती, त्यामुळे स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली हुशार, गरीब मुलं तिथं यायची. कँटीनमध्ये कोनाडे होते, त्यांत लांब टेबलं आणि लाकडी बाकं. प्रत्येक गटाचा कोनाडा ठरलेला. दोन नंबरचा स्टालिनला मानणाऱ्यांचा, संख्येनं दांडगा. एक नंबरचा ट्रॉट्स्कीवादी (स्टालिनचा कम्युनिस्ट विरोधक ट्रॉट्स्की याला मानणारे) आणि इतर स्टालिनविरोधी डाव्यांचा, जेमतेम तीसेक पोरांचा. घरून आणलेलं खात ही पोरं दिवस दिवस वाद घालत. दोन नंबरवाल्यांना तर यांच्याशी वाद घालायचीच बंदी होती. अर्विंग क्रिस्टल, डॅनियल बेल, नेथन ग्लेझर, अर्विंग हाउ हे सगळे एक नंबरचे. (हाउ शेवटपर्यंत समाजवादीच राहिले.) बाकीचे पुढे निओकॉन म्हणून ओळखले गेले. निओकॉनांची मुळं डावीकडे आहेत, हे सांगितलं की वर्गात अजूनही मुलं चमकून बघतात.

१९६५ साली क्रिस्टल आणि बेल यांनी 'द पब्लिक इंटरेस्ट' हे त्रैमासिक काढलं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तेव्हा गरिबीविरुद्ध युद्धच पुकारलं होतं. गरिबी जावी हे या लोकांनाही हवंच होतं. पण वॉशिंग्टनमध्ये आखलेली योजना वस्तीत पोचेपर्यंत तिचं काय होतं, हे ते आकडे हातात घेऊन तपासू लागले. पुन्हा पुन्हा तेच दिसायचं: एक धागा ओढावा तर भलतीकडेच उसवतं. हेतू चांगला असला म्हणून परिणाम चांगला होतोच असं नाही. मला त्यांचं हे काम मनापासून मोलाचं वाटतं. १९७३मध्ये समाजवादी लेखक मायकेल हॅरिंग्टन यांनी अशा जुन्या सोबत्यांवर टीका करताना 'निओकॉन्झर्व्हेटिव्ह' हा शब्द वापरला आणि तो चिकटला.

परराष्ट्र धोरणातही त्यांच्यातल्या काहींकडे हाच सावधपणा होता. इराणचा शहा आणि निकाराग्वाचा सोमोझा कोसळले त्या १९७९ साली राज्यशास्त्राच्या प्राध्यापक जीन कर्कपॅट्रिक यांनी 'कॉमेंटरी' मासिकात एक लेख लिहिला. बाई डेमोक्रॅट, पण तो लेख वाचून रेगन यांनी त्यांना पुढे संयुक्त राष्ट्रांत राजदूत म्हणून पाठवलं. अमेरिकेच्या मित्र हुकूमशहांना त्यांनी ज्या मायेनं सांभाळून घेतलं, ते मला कधीच पटलं नाही. लॅटिन अमेरिकेतल्या लोकांनी त्याची किंमत मोजली. पण त्याच लेखात त्या बजावतात की लोकशाहीच्या सवयी अंगी मुरायला दशकं लागतात, कधी शतकं. ब्रिटनला मॅग्ना कार्टापासून सातशे वर्षं लागली. शीतयुद्ध संपत आलं तेव्हा त्यांचं म्हणणं होतं, आता अमेरिकेनं चारचौघांसारखा देश व्हावं.

पुढच्या पिढीला ते मानवलं नाही; अमेरिकेनं बळ वापरून जगात लोकशाही रुजवावी, असं तिला वाटे. अर्विंग यांचे चिरंजीव विल्यम क्रिस्टल आणि रॉबर्ट केगन यांनी १९९७मध्ये 'प्रोजेक्ट फॉर द न्यू अमेरिकन सेंचुरी' सुरू केला. जानेवारी १९९८मध्ये तिथून क्लिंटन यांना पत्र गेलं: सद्दामला सत्तेवरून हटवा. सही करणाऱ्यांतले रम्सफेल्ड आणि वुल्फोवित्झ तीन वर्षांत संरक्षण खात्यात जाऊन बसले.

९ एप्रिल २००३. बगदादच्या फिर्दोस चौकातला सद्दामचा पुतळा कोसळताना आम्ही स्टाफरूममधल्या टीव्हीवर पाहिला. मी टाळ्या वाजवल्या. इराकमधल्या हलब्जामध्ये सद्दामच्या राजवटीनं विषारी वायूनं मारलेल्या कुर्दांचे फोटो मी पाहिले होते, आणि त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. मे महिन्यात इराकमधल्या अमेरिकी प्रशासनाचे दोन हुकूम निघाले. पहिल्यानं सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीतल्यांना सरकारी नोकरीतून काढलं, दुसऱ्यानं अख्खं सैन्य बरखास्त केलं. बंदूक चालवता येणारी लाखो माणसं बिनपगारी घरी बसली. पुढं बंडाळी आणि यादवी माजली, ते सगळ्यांना माहीत आहे. धागा ओढू नका म्हणणाऱ्यांच्याच वारसांनी तो ओढला होता. १९९८च्या पत्रावर सही करणारे फ्रान्सिस फुकुयामा पुढे हेच बोलले आणि बाजूला झाले.

भारताकडेही अमेरिकेनं इराकसाठी सैन्य मागितलं होतं. जुलै २००३मध्ये वाजपेयी सरकारनं नकार दिला. त्या दिवशी मला इराकमधलं कूत आठवलं. ब्रिटिश हिंदी सैन्याची, पुण्याचं नाव लावणारी सहावी डिव्हिजन पहिल्या महायुद्धात, १९१६ साली तिथंच तुर्कांना शरण गेली, तिच्यात मराठा शिपाईही होते. पुढल्याच वर्षी इंग्रज सेनापती मॉड यांनी बगदादमध्ये जाहीर केलं होतं की आम्ही जेते म्हणून नव्हे, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत.

आता ट्रम्प. १३ मे २०२५ला रियाधमध्ये त्यांनी निओकॉनांचं नाव घेऊन सुनावलं की या राष्ट्रं घडवणाऱ्यांनी घडवली त्याहून जास्त राष्ट्रं मोडली. सहा आठवड्यांच्या आत इराणवर बॉम्ब पडले. त्याच दिवशी त्यांनी सत्तांतराची भाषा केली आणि दुसऱ्या दिवशी युद्धविराम जाहीर केला. या सगळ्यात इराणी माणसाचं मत, त्याची न्यायालयं, त्याचं संविधान यांचा विषयच नाही. निओकॉनांच्या बॉम्बमागं लोकशाही रुजवण्याची आशा होती. चुकीची, घातक, पण खरी. म्हणून मी "नाही" म्हणते. आणि म्हणूनच केगन आणि धाकटे क्रिस्टल ट्रम्प यांच्या पक्षातून बाहेर पडले.

गेल्या सत्रात हे सगळं वर्गात सांगून झालं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, मग २०२२मध्ये ज्या इराणी मुली केस मोकळे सोडून रस्त्यावर आल्या, त्यांनी कुणाकडे बघायचं?" तास संपला होता, पण कुणी उठलं नाही.