पुणे ते सासवड: दिंडीतील माझी पहिली एकादशी

ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यात दोन मुक्काम करून साधारणपणे ज्येष्ठ वद्य एकादशीला सासवडकडे निघते. सुमारे ३० किलोमीटरची चाल, वाटेत दिवे घाटाची चढण आणि त्यात उपवास, त्यामुळे आषाढी वारीतील कठीण दिवसांत याची गणना होते. रथामागच्या एका दिंडीत भिशी, म्हणजे खर्चाची वर्गणी, भरून मी ही वाट प्रथमच चालले.

पहाटे तीनला उठून अंथरूण आणि कपडे दिंडीच्या ट्रकमध्ये द्यावे लागले. जवळ पाणी, राजगिऱ्याचे लाडू, पावसासाठी प्लास्टिकचा कागद आणि कापडी पिशवीत चष्मा एवढेच ठेवले. दिंडीत चालण्याची शिस्त ठरलेली असते: पुढे पताका, मग टाळकरी, त्यांच्यामध्ये पखवाज, मागे विणेकरी आणि त्यांच्यामागे डोक्यावर तुळस घेतलेल्या स्त्रिया. रस्ता मोकळा दिसला म्हणून मी दोन-तीनदा भराभर पुढे गेले, तेव्हा शेजारी चालणाऱ्या परभणीकडच्या मावशी म्हणाल्या, "माउली, रस्त्याकडं बघू नका, टाळाकडं कान द्या." त्या बावीस वर्षे चालत होत्या. त्यांचे ऐकले आणि खरोखरच श्वास जागेवर आला.

हडपसरला तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे जाते आणि माउलींची सासवडकडे वळते. वडकीला विसावा झाला. तिथे पाय धुताना पिशवी कठड्यावर राहिली, हे मला घाट चढू लागल्यावर कळले. मागे फिरणे अशक्य होते. रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या, दोन्ही बाजूंना माणसे, खाली मस्तानी तलाव आणि वर वळणावळणाने सरकणाऱ्या पताका. चष्म्याशिवाय मला त्या केवळ एका भगव्या रेषेसारख्या दिसत होत्या. डाव्या टाचेला फोड आला होता. मावशींनी काही न बोलता माझा हात आपल्या खांद्यावर ठेवला आणि घाटमाथ्यापर्यंत तो काढू दिला नाही. त्यांच्या डोक्यावर तुळस होती, हे मी विसरू शकत नाही.

सासवडच्या तळावर समाजआरतीसाठी सर्व दिंड्या उभ्या राहिल्या. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला आणि हजारो टाळ एकदम थांबले. एकाच दिंडीचे टाळ वाजत राहिले. ज्या दिंडीची तक्रार असते ती टाळ थांबवत नाही, मग चोपदार तिच्याकडे जाऊन गाऱ्हाणे ऐकतात. इतक्या मोठ्या समुदायात न्याय मागण्याची याहून सभ्य रीत मी पाहिलेली नाही. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या गेल्या आणि त्यांत माझी पिशवी होती.

दुसऱ्या दिवशी पालखी सासवडलाच थांबते. सोपानकाकांच्या समाधीचे दर्शन घेऊन मी पिशवी आणायला रथापुढच्या एका दिंडीच्या राहुटीत गेले. तिथल्या वृद्ध काकांनी आधी खूण विचारली, चष्मा हाती दिला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात हे मला ठाऊक होते, तरीही मी संकोचून मागे सरले. मग मीही वाकले.